मच्छीमार नौका : बांधणीचा अखेरचा टप्पा

सांगाड्यावर फळ्या बसल्या, की कोकण किनाऱ्यावरील लाकडी मच्छीमार नौका पाहणाऱ्यास तयार भासते. वस्तुतः तिचे आयुष्य ठरविणारे काम येथूनच सुरू होते. फळ्यांच्या सांध्यांत कापसाचा पीळ ठासून वर लुकण भरतात. पीळ सैल राहिला तर गळती ठरलेलीच. पण तो फार गच्च ठासणेही इष्ट नव्हे. पाण्यात लाकूड फुगते, फळ्या रेटल्या जातात आणि खिळे ढिले होतात.

तळाचा खरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारे समुद्री जीव. त्यांच्यासाठी पूर्वापार चुना व तेल यांचा लेप देत. ताम्रयुक्त रंग अधिक टिकतो. मात्र तो लोखंडी खिळ्यांवर थेट लागता कामा नये, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्याने लोखंड झपाट्याने गंजते. पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवितात. तो स्वतः झिजून पंखा व दांडा वाचवितो. हौसेने तोही रंगविला जातो, आणि मग तो असून नसल्यासारखाच!

इंजिन व दांडा एका रेषेत आहेत की नाहीत, हे नौका पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावे लागते, कारण तेथे तिचा आकार किंचित बदलतो. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपण्याच्या घाईत नेमकी हीच तपासणी राहून जाते. कर्जाच्या अखेरच्या हप्त्यापूर्वी पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने रंगाची झळाळी पाहू नये. दोन-तीन दिवस पाण्यात उभ्या असलेल्या नौकेच्या तळाशी किती पाणी साचले, ते पाहावे.