चिखल्या : पदयात्रेतील पायांची निगा

ज्येष्ठ वद्यात देहू व आळंदी येथून पालख्यांचे प्रस्थान होते आणि आषाढी एकादशीस वारकरी पंढरीत असतात. हा सारा काळ पावसाचा. भिजलेली पादत्राणे, वाटेतील चिखल आणि मुक्कामी न वाळणारे मोजे यांमुळे अनेक भाविकांच्या पायांना चिखल्या होतात.

सतत ओलाव्याने बोटांच्या बेचक्यांतील त्वचा मऊ व पांढरी पडते आणि तेथे बुरशीला वाव मिळतो. ट्रायकोफायटॉन रुब्रम ही त्यांतील प्रमुख बुरशी. त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर ती जगते. आरंभ बहुधा करंगळीलगतच्या बेचक्यात होतो. खाज, आग, दुर्गंधी, साल निघणे व भेगा ही तिची लक्षणे होत. ओली फरशी, सामाईक टॉवेल, मोजे व चपला यांतून संसर्ग पसरतो.

प्रतिबंधाचा मुख्य नियम एकच : पाय कोरडे ठेवावेत. मुक्कामी पोहोचताच पाय साबणाने धुवावेत व प्रत्येक बेचके स्वतःच्या पंचाने टिपून घ्यावे. मोजे सुती असावेत व रोज बदलावेत. पावसात बंद बुटांऐवजी उघडी चप्पल सोयीची. सामाईक स्नानगृहात अनवाणी वावरू नये.

चिखल्यांवर मेंदी लावण्याची रीत घरोघरी आहे. परंतु तिच्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत. क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक मलम साधारणतः 4 आठवडे लावावे लागते. खाज थांबताच मलम बंद केल्यास विकार पुन्हा उद्भवतो. स्टेरॉइडमिश्रित मलम वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. त्याने खाज शमते, पण बुरशी आत फोफावत राहते. नखे जाड व पिवळी झाली असल्यास केवळ मलम सहसा पुरत नाही; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मधुमेही भाविकांनी विशेष दक्षता घ्यावी. पायांची संवेदना मंदावलेली असल्यास भेग पडल्याचे कळत नाही. त्या भेगेतून जंतू आत शिरतात आणि दुर्लक्ष झाल्यास जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. रोज रात्री तळवे व बेचकी उजेडात पाहावीत. स्वतःस दिसत नसल्यास सोबत्यास पाहावयास सांगावे. सूज, लाली, पू अथवा ताप आढळल्यास पुढील टप्पा चालण्यापूर्वी वैद्यकीय पथकाकडे जावे.

दोन घटका पायांसाठी दिल्यास पुढील वाटचाल निर्विघ्न होते. वारी पायी करावयाची, तर पायांची निगा हाही तिचाच एक नेम मानावा.