हवेचे शब्द ओळखा

वसईच्या पूर्व भागात एव्हरशाईन सिटी ही मोठी वसाहत आहे. तिच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. पश्चिमेला काही मैलांवर अरबी समुद्र आहे. या मुलखात कोणी मासे धरतो, कोणी मीठ पिकवतो, कोणी केळी आणि भाजी लावतो. ही सारी कामे हवेवर चालतात. म्हणून हवेचे शब्द आपल्याला वाचता आले पाहिजेत.

वातावरण : पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे. त्याला वातावरण म्हणतात.

दमट हवा : समुद्राच्या पाण्याची वाफ हवेत मिसळते. हवेत वाफ फार झाली की घाम लवकर वाळत नाही. अशी हवा दमट. मीठही दमट हवेत ओलसर होते.

खारे वारे, मतलई वारे : दिवसा जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते. मग वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर निघत, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत.

वायुदाब : हवेलाही वजन असते. त्या वजनाचा भार म्हणजे वायुदाब. समुद्रावर एके ठिकाणी हा दाब फार कमी झाला, तर चहूकडची हवा तिकडे धावते आणि गरगर फिरू लागते. वारा फार जोराचा झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात.

आता हे बोलणे वाचा.

"काका, आभाळ तर निवळ आहे. होडी काढू ना?"

"नको रे बाबा. वेधशाळेनं इशारा दिलाय."

"पण इथं तर वारासुद्धा नाही!"

"आपल्याला दिसतं ते इथलं आभाळ. वादळ लांब समुद्रात असतं. ते आपल्याला गाठेपर्यंत परतायला वेळ उरत नाही."

काकांचे म्हणणे खरे आहे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेले. त्यात कामगारांचा एक मोठा तराफा बुडाला. साठाहून अधिक माणसे दगावली.

पर्जन्यमान : पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? सपाट अंगणातले पाणी वाहून गेले नाही, जमिनीत मुरले नाही, तर ते चार बोटांहून उंच साचेल. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तर सरकारदप्तरी ती अतिवृष्टी.

जुलै 2018 मध्ये वसईत पाऊस थांबेना. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आले. आगगाड्या अडकल्या. मिठागरातल्या वस्तीलाही पाण्याने वेढले. अशा वेळी इशारा आधी कळला, तर लेकरे, जनावरे आणि धान्य उंचावर नेता येते.

वेधशाळा इशारा रंगाने सांगते.

हिरवा : काळजी नाही.
पिवळा : लक्ष ठेवा.
नारिंगी : तयारीत राहा.
लाल : जपा, सांगितले तसे ताबडतोब करा.

हे चार शब्द घरात सर्वांना वाचून दाखवा. शेजारच्या ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला आधी सांगा.

सांगा पाहू :
1. दिवसा समुद्राकडून वारा का येतो?
2. आभाळ निवळ असूनही काकांनी होडी का काढू दिली नाही?
3. आजचा इशारा कोणत्या रंगाचा आहे? विचारून वहीत लिहा.