गवत कापताना डोळे जपा

पावसाळा सरत आला, की येडशीत घराभोवतीचे गवत कापायला यंत्रे बाहेर निघतात आणि माझ्याकडे लाल डोळ्यांचे रुग्ण येऊ लागतात. चाकाच्या यंत्राची नायलॉनची दोरी वेगाने फिरते. मऊ मातीत ती गवत कापते. मुरमाड जागी खडेही उडवते. म्हणून आधी दगड, तारा वेचा. गवत ओले असेल तर वाळू द्या. उतारावर यंत्र आडवे चालवा. बूट आणि बाजूंनी बंद चष्मा घाला. मुलांना लांब ठेवा.

डोळ्यात काडी लागलीच तर चोळू नका, रुतलेले उपसू नका. घरातले जुने थेंब तर मुळीच नकोत. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, पण बुबुळावर बुरशी वाढून दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.