प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा

कोकणात हुमाणी घालण्याचा खेळ फार जुना आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असे, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असत आणि दिवेलागणीनंतर घराघरांतून मुले एकमेकांना कोडी घालीत बसत. या खेळाचा एकच दंडक होता. समोरचा गडी "हरलो" असे म्हणेपर्यंत कोडे घालणाऱ्याने उत्तर सांगावयाचे नाही.

आता त्या हुमाण्यांच्या जागी गणिताचे आणि विज्ञानाचे प्रश्न आले आहेत. मालवणच्या मुलाने मोबाईलवरून प्रश्न धाडावा, वेंगुर्ल्याच्या मुलीने त्याचे उत्तर द्यावे आणि मुंबईत राहणाऱ्या मावसभावाने त्या दोघांचे गुण मोजावे, असा हा नवा खेळ आहे. सन २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा तर तो फारच वाढला. खेळ चांगला आहे यात शंका नाही. मात्र त्यात प्रश्न घालणे सोपे आणि उत्तर देणे तेवढे अवघड, असा जो समज मुलांत आढळतो, तो तपासून पाहण्यासारखा आहे.

प्रश्न घालण्याच्या कलेत आपल्याकडे भास्कराचार्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ रचला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती' होय. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. त्यात या घराण्याची हकिकत कोरलेली असून, आचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. लीलावतीतील उदाहरणे म्हणजे एका जिवलगाने दुसऱ्याला घातलेली हुमाणीच आहेत. कधी एखाद्या बालेला, कधी मित्राला उद्देशून आचार्य प्रश्न विचारतात. त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि सापही आहेत.

भुंग्यांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ते मालवणच्या किनाऱ्यावर आणले, तर असे होईल. रापणीत जितक्या टोपल्या मासळी मिळाली, तिचा पाचवा भाग मालवणच्या बाजारात गेला आणि तिसरा भाग कुडाळला गेला. या दोन भागांत जितके अंतर, त्याच्या तिप्पट मासळी कणकवलीला पाठविली. एक टोपली घरी उरली. तर एकंदर टोपल्या किती?

उत्तर १५ असे येते. मालवणला ३, कुडाळला ५, अंतर २ म्हणून कणकवलीला ६ आणि घरी १. हिशेब चोख जुळतो. आता एखाद्याला वाटेल, की यातील एखादा अपूर्णांक बदलला म्हणजे नवा प्रश्न तयार झाला. तो कुडाळचा 'तिसरा' भाग काढून तेथे 'अर्धा' असे लिहितो आणि मित्राला प्रश्न धाडून मोकळा होतो. पण अशा वेळी रापणीत १० टोपल्या मिळाल्या असे धरले, तर मालवणला २, कुडाळला ५ आणि कणकवलीला तीनाची तिप्पट म्हणजे ९ द्याव्या लागतील. १० टोपल्यांतून १६ टोपल्यांची विक्री! असा व्यापार कोणा रापणकराला साधलेला नाही. बरे, 'अर्धा' ऐवजी 'चौथा' भाग घेतला, तर उत्तर येते खरे. पण ते अडीच टोपल्या असे येते, आणि मालवणच्या वाट्याला अर्धी टोपली जाते. म्हणजे १५ हे सुबक उत्तर आपोआप आलेले नाही. आचार्यांनी उदाहरण लिहिण्यापूर्वी त्याचे सर्व सांधे तपासून पाहिले होते. ज्याने स्वतः उदाहरण सोडविलेले नाही, त्याने ते दुसऱ्यास घालू नये, हा नियम त्यामुळेच पडला असावा.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे ती बनारसची. विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे बालपण त्या नगरीत गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. मुलांना लिहावयास मिळावे म्हणून वडिलांनी घरातच भिंतीवर फळे करविले होते. पुढे मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहावयास आले. या मोरूमामांनी एके दिवशी फळ्यावर गणिताचे एक उदाहरण लिहिले आणि वर मथळा घातला, तो 'जे. व्ही. एन.' यांना आव्हान देणारा. जे. व्ही. एन. म्हणजे अर्थात जयंत विष्णु नारळीकर. ते उदाहरण शाळेच्या पुस्तकातील नसे. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत फळ्यावर तसेच राही. हुमाण्याचाच हा दंडक, पण येथे तो बीजगणिताला आणि भूमितीला लावलेला होता.

फळ्यावर दिवसच्या दिवस राहणाऱ्या उदाहरणात एक मोठा गुण असतो. ते येता-जाता दिसते, जेवताना आठवते आणि झोपताना छळते. पडद्यावरील प्रश्नाला तीस सेकंद मिळतात आणि एकतिसाव्या सेकंदाला उत्तर आपणहून उघडे होते. तीस सेकंदांत स्मरणाची परीक्षा होते. विचाराला एवढ्यात सुरुवातही झालेली नसते. डॉ. नारळीकरांनी पुढे केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या परीक्षेत उज्ज्वल यश मिळविले, आणि 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात मामांच्या त्या आव्हानांची आठवण आवर्जून लिहून ठेवली. मामांचेही येथे कौतुक केले पाहिजे. उत्तर ठाऊक असताना दिवसचे दिवस गप्प बसणे हे काही सामान्य काम नाही.

परंतु खेळाची खरी अडचण याहून वेगळी आहे. प्रश्न नीट, उत्तर देणाराही तयार. पण ज्या उत्तराशी ताडून पाहून गुण द्यावयाचे, तेच चुकीचे असेल तर?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मुलांच्या प्रश्नमंजूषांत एक प्रश्न बहुधा असतोच : "हेलियम या वायूचा शोध कोठे लागला?" अपेक्षित उत्तर असते, "विजयदुर्ग किल्ल्यावर." पुष्कळदा पुढे असेही सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून सूर्य पाहिला आणि त्याला हेलियम सापडला. देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी हा बेलाग किल्ला उभा आहे. किल्ल्यात 'साहेबाचा कट्टा' म्हणून ओटे दाखवितात. १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे. आपल्या गावाच्या नावावर विश्वातील एका मूलद्रव्याचा शोध असावा, हे कोणास आवडणार नाही? म्हणूनच हे उत्तर अधिक काळजीने तपासावयास हवे.

त्यासाठी आधी एक लहानसा प्रयोग ध्यानात घ्यावा. शिरोड्याच्या मिठागरातील चिमूटभर मीठ चुलीच्या ज्वाळेत पडले, तर ज्वाळा पिवळीधमक होते. मिठातील सोडियम या मूलद्रव्याचा तो रंग होय. हा प्रकाश वर्णपटदर्शक नावाच्या यंत्रातून पाहिला, तर अगदी जवळजवळ असलेल्या दोन पिवळ्या रेघा दिसतात. त्यांच्या लहरींची लांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे. (मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.) माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तशा एका मूलद्रव्याच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांशी जुळत नाहीत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. पिअर जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूर येथे आले होते. ते गाव आज आंध्र प्रदेशात आहे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातही एक निरीक्षक, लेफ्टनंट हर्शेल, यंत्रे लावून बसले होते. सूर्यबिंब झाकले गेल्यावर त्याच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसल्या. त्या ज्वालांच्या वर्णपटात एकाहून अधिक निरीक्षकांना एक पिवळी रेघ आढळली. पण ती सोडियमचीच असावी, असे पुष्कळांस वाटले. जान्सेन यांच्या मनात मात्र दुसराच विचार आला. इतक्या तेजस्वी रेघा ग्रहणावाचूनही दिसावयास हव्यात! दुसऱ्या दिवशी त्यांनी तसा प्रयत्न केला आणि तो सफल झाला.

या वेळी लॉकियर कोठे होते? ते इंग्लंडातच होते. लष्करी खात्याच्या कचेरीत त्यांची कारकुनी चाले आणि फावल्या वेळात ते आपल्या दुर्बिणीतून आकाश पाहत. ग्रहणावाचून सूर्याच्या ज्वाला पाहण्याची युक्ती त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी लंडनहून ती साधली. जान्सेन यांचे पत्र आणि लॉकियर यांचे वृत्त ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, आली. पुढे फ्रान्सच्या सरकारने दोघांच्याही मुद्रा असलेले पदक पाडले.

लॉकियर यांना दिसलेली पिवळी रेघ सोडियमच्या रेघांशेजारी होती, पण त्यांवर नव्हती. तिची लांबी भरते ५८७.६ नॅनोमीटर. दीड नॅनोमीटरहूनही कमी असा हा फरक; त्यातच सारे रहस्य होते. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या साहाय्याने त्यांनी प्रयोगशाळेत ती रेघ हायड्रोजनपासून मिळते का, हे पाहिले. ती मिळाली नाही. तेव्हा हे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य असावे, असे अनुमान निघाले, आणि सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. अनेकांनी या अनुमानाची टर उडविली. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी लंडन येथे युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ पाहिली. सूर्यावरचा वायू पृथ्वीवरच्या नळीत सापडला.

तर मग "हेलियमचा शोध कोठे लागला?" या प्रश्नाचे चार पर्यायांतून एक उत्तर निवडावयाचे कसे? रेघ प्रथम दिसली ते ठिकाण धरावे, तर ग्रहणाच्या छायेतील अनेक गावे पुढे येतात. ती रेघ निराळी आहे हे जेथे ओळखले गेले ते धरावे, तर लंडन. वायू हाती लागला ते धरले, तरी लंडनच; पण सत्तावीस वर्षांनंतरचे. दोष येथे प्रश्नाचा आहे. 'शोध लागला' या दोन शब्दांचा अर्थ नक्की न करता तो विचारलेला आहे.

आणि साहेबाचा कट्टा? ती कथा निराधार म्हणून टाकून द्यावी काय? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गास खरोखरच आले होते. फक्त ते १८६८ साली आले नाहीत. २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास ग्रहण झाले. त्याची छाया कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ उतरली आणि ईशान्येकडे गेली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी आपला तळ दिला. विजयदुर्गावर आले ते सर नॉर्मन लॉकियर. तोवर हेलियमचे नाव होऊन आणि तो पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे झाली होती. एकच माणूस आणि दोन ग्रहणे. मधली तीस वर्षे लोकांच्या स्मरणातून गळून गेली, एवढाच हा घोटाळा दिसतो.

मुलांनी एकमेकांस विचारावा असा प्रश्न खरे तर या १८९८ च्या ग्रहणातच आहे. त्या दिवशी विजयदुर्गावर सूर्य पूर्ण झाकला गेला तो सुमारे दोन मिनिटे. यंत्रे पुष्कळ आणि शास्त्रज्ञ थोडे. दोन मिनिटांत सर्व यंत्रांवरची कामे व्हावयाची, छायाचित्रे घ्यावयाची, सेकंद मोजावयाचे; चुकले तर पुन्हा संधी नाही. मग लॉकियर यांनी हात कोठून आणले? 'मेलपॉमिनी' नावाची इंग्रज युद्धनौका तेथे आली होती. तिच्यावरील अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्यांनी हाताशी धरले, प्रत्येकाला एकेक काम नेमून दिले आणि ग्रहणाच्या आधीच्या दिवसांत त्यांच्याकडून कवायतीप्रमाणे सराव करून घेतला. ग्रहणाच्या दिवशी आकाश निरभ्र राहिले, आणि ज्यांनी त्यापूर्वी कधी वर्णपट पाहिला नव्हता, त्या खलाशांच्या हातून ती दोन मिनिटे पार पडली.