टेबलावरचं टिश्यूचं पाकीट

प्रश्न: चार दिवसांत सिंगापूर स्थानिकांसारखं कसं अनुभवावं?

उत्तर: मरीना बे एका संध्याकाळी उरका आणि सकाळी तोआ पायोहसारख्या वसाहतीत जा. सुमारे 80 टक्के रहिवासी अशाच सरकारी योजनेतल्या इमारतींत राहतात. म्हणजे खरं शहर तिथलंच, आणि ते जेवतं जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाद्यस्टॉल्सच्या बाजारात. 2020 मध्ये युनेस्कोनेही या खाद्यसंस्कृतीची नोंद घेतली. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं, तर जागा धरलेली समजा, आपल्या एसटीतल्या रुमालासारखी! ‘कोपी-ओ’ म्हणजे साखर घातलेली काळी कॉफी. शाकाहाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमध्ये डोसा मिळतो. इतरत्र मात्र रश्शात काय आहे ते विचारूनच घ्या. उकाड्याची सबबही फारशी टिकत नाही, दुपार टाळली की झालं. आणि जेवल्यावर ट्रे स्वतः परत ठेवा, नाहीतर दंड होऊ शकतो.