थांबा कुठे आहे, ते आधी सांगा

दार्जिलिंगच्या डोंगरातल्या संदकफूच्या वाटेवर बायका पाणी पीत नाहीत. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी जवळपास तशीच उतरते. टोंगलू ते तुमलिंग हा पट्टा म्हणजे उघडी गवताळ धार. आडोसा नाही आणि पुढे-मागे पुरुषांची रांग. लघवीला जायची पंचाईत, मग पाणीच नको. सह्याद्रीतही आम्ही मुली हेच करायचो, पण तिथे गड उतरला की रात्री घर होतं. संदकफूच्या या सिंगालीला धारेवर सलग चार-पाच दिवस तहान मारली की ते अंगावर येतं.

लग्नानंतर कोलकात्यात आले तेव्हापासून मी इथल्या गिर्यारोहण क्लबांबरोबर डोंगरात जाते. एकदा कालीपूजेनंतरच्या थंडीत निघालेल्या गटात आम्ही दोघीच बायका होतो. सियालदहहून दार्जिलिंग मेल, न्यू जलपाईगुडीहून मानेभंजन, तिथून गाइड घेऊन चढ. निघण्याआधीच्या बैठकीत बूट, जॅकेट, टॉर्च, उंचीची गोळी, सगळ्यावर भरपूर बोलणं झालं. शौचाची सोय आणि पाळी यांबद्दल अवाक्षर नाही. वाटेतले थांबे चहाच्या दुकानांपाशी ठरत. पुरुष मंडळी चार पावलं पलीकडे जाऊन मोकळी होत.

माझ्या सोबतिणीने दुसऱ्याच दिवशी डायमॉक्स ही उंचीची गोळी बंद केली. त्या गोळीने लघवी वाढते, हे तिला माहीत होतं. पाणीही तिने घोट-घोटावर आणलं. तीन हजार मीटरच्या वरच्या कालीपोखरीत रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली, लघवीला जळजळ आणि पाठोपाठ हुडहुडी भरून ताप. म्होरक्या मला म्हणाला, “बौदी (वहिनी), पाहाडात एवढं होतंच. उद्या वर ऊन पडलं की बरं वाटेल.” वर म्हणजे संदकफूला, ३,६३६ मीटरवर. मी नाही म्हटलं. सकाळी मिळेल त्या गाडीने आम्ही दोघी खाली आलो. सिलिगुडीच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग सांगितला, शरीरातलं पाणीही बरंच कमी झालं होतं. त्या डोकेदुखीत उंचीचा वाटा किती आणि तहानेचा किती, हे त्यांनाही वेगळं काढता आलं नाही.

खरी भीती हीच आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही विरळ हवेचीही लक्षणं आणि पाणी कमी पडल्याचीही. म्हणून उंचीवर डोकं दुखलं की आधी विरळ हवेचाच त्रास धरायचा, लक्षणं जाईपर्यंत वर जायचं नाही आणि वाढली तर उतरायचं. लघवीची जळजळ असताना ताप किंवा कमरेच्या वर पाठीत कळ आली तर वाट बघायचीच नाही. ज्यांना हा संसर्ग पुन्हापुन्हा होतो, त्यांनी औषध डॉक्टरांकडून लिहून घेऊन जवळ ठेवावं.

यातला मोठा भाग मात्र बाईच्या हातात नाही. “इथे पुरुष पुढे जातील, बायका मागे थांबतील, दहा मिनिटं,” एवढं म्होरक्याने सकाळीच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की अर्धा प्रश्न मिटतो. बाईने प्रत्येक वेळी परवानगी मागायची, हे कुणी ठरवलं? आपल्यापुरता उपाय म्हणाल तर घडीची छत्री. कोलकात्यात प्रत्येकीच्या पिशवीत ती असतेच, आणि उघड्या धारेवर तिच्याइतका चांगला आडोसा मी पाहिलेला नाही.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानदाराला विचारून घेऊ नयेत. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास स्वतःचा किंवा घरात असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. त्यात पाणी कमी आणि तासन् तास गाडीचा प्रवास, म्हणजे गुठळीचा धोका आणखी वाढतो. पाळी आली तर चालायला आडकाठी नाही. वापरलेले पॅड कागदात, मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, आणि खाली शहरापर्यंत परत. वरच्या थंडीत ते कुजत नाहीत.

रक्त कमी असण्याबद्दल मात्र मी आग्रहाने बोलते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगालमधल्या १५ ते ४९ वयाच्या ७१.४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४.२ टक्के, म्हणजे आपणही फुशारकी मारायला नको. विरळ हवेत शरीराला जास्त तांबड्या पेशी करायच्या असतात, त्याला लोह लागतं. कोलकात्यात रवींद्र सरोवराभोवती रोज फेऱ्या मारून, शुशुनिया टेकडीच्या खडकावर चढाईचा हात बसवूनही एखादी चढावर धापा टाकते आणि लोक म्हणतात, तयारी कमी पडली. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. तो भरायला आठवडे लागतात, तेव्हा तिकीट काढतानाच तपासणी करा.

सामानाचंही तसंच: भाड्याची स्लीपिंग बॅग घेताना लेबल वाचा. त्यावर दोन तापमानं असतात: ‘कम्फर्ट’ हे सरासरी बाईच्या हिशेबाने काढलेलं, ‘लिमिट’ हे सरासरी पुरुषाच्या. दुकानदार बहुधा दुसरं सांगतो.

बायका डोंगरात नव्या आहेत, सोयी हळूहळू होतील, असं ऐकलं की मला हसू येतं. कोलकात्याच्या मुलींचा गट दीपाली सिन्हांच्या नेतृत्वाखाली १९६७ साली गढवालमधल्या रोंटी शिखरावर गेला होता. १९७०मध्ये सुजया गुहांच्या तुकडीने लाहौलमध्ये वीस हजार फुटांवरचं शिखर सर केलं. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडताना सुजया आणि कमला साहा यांचा मृत्यू झाला. हावड्याच्या छंदा गायेनने २०१३मध्ये एव्हरेस्ट आणि ल्होत्से केलं, चंदननगरच्या पियाली बसाकने २०२१मध्ये बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय धौलागिरी. इतकी वर्षं पुरली नाहीत का?

पैसे भरण्याआधी मी आता म्होरक्याला विचारते: दिवसाचे थांबे कुठे, मुक्कामी बायकांचं शौचालय वेगळं आहे का, दारं लागतात का, रात्री कुणाची तब्येत बिघडली तर खाली नेणारी गाडी कुणाची. उत्तर देताना तो संकोचला तरी मी पैसे भरते. हसला तर दुसऱ्या क्लबला फोन करते.