ऐंशी पौंडांची पेटी

इंग्लंडच्या उत्तरेस डोंगर व सरोवरे यांनी नटलेला एक रमणीय प्रदेश आहे. त्याच्या कडेला पेनरिथ हे बाजाराचे गाव वसले आहे. २००६ साली या गावी जुन्या वस्तूंचा एक लिलाव झाला. अशा ग्रामीण लिलावांत घरोघरच्या जुन्यापान्या चीजा विक्रीस येतात. कोणी नवे घर घेतो, कोणाचे वडीलधारे निवर्ततात, आणि माळ्यावरचे सामान बाजारात येऊन पडते. त्या दिवशीच्या सामानात महोगनी लाकडाची एक जुनाट, रया गेलेली पेटी होती. पेटीत धातूच्या पत्र्यांवर उमटवलेली एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे होती. लिलाव करणारांनी या साऱ्याची किंमत ८० पौंडांच्या आसपास येईल, असा अंदाज बांधला होता. परंतु बोली सुरू झाली ती चढतच गेली. अखेर हातोडा पडला तेव्हा पेटीची किंमत ७५,००० पौंड झाली होती!

काळवंडलेल्या पत्र्यांसाठी एवढे धन कोणी का मोजावे? हे समजण्यास ते पत्रे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१८३९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस पॅरिस येथील विज्ञान अकादमीच्या सभेत लुई दागेर या चित्रकाराने शोधलेली एक कृती जाहीर करण्यात आली. प्रकाशाच्याच साहाय्याने चित्र उमटवून ते कायम टिकवण्याची ही कृती होती. फ्रेंच सरकारने दागेर यास वर्षासन बांधून देऊन ती सर्वांस खुली केली. इंग्लंडात मात्र तिचे एकस्व आधीच घेण्यात आले होते, त्यामुळे तेथील लोकांस ती फुकट वापरता आली नाही. या कृतीने तयार होणाऱ्या चित्रास शोधकाच्या नावावरून ‘दागेरोटाइप’ असे म्हणू लागले.

दागेरोटाइप तयार करणे हे मोठे नाजूक काम होते. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर चढवून तो आरशाप्रमाणे लखलखीत होईपर्यंत घासीत. नंतर अंधारात त्यास आयोडीनची वाफ देत. तिच्या योगाने चांदीवर पिवळसर झाक येई आणि पत्र्याच्या अंगी प्रकाश टिपण्याचा गुण येई. हा पत्रा कॅमेऱ्यात बसवून भिंगावरील झाकण काढीत. पुरेसा प्रकाश पडला म्हणजे पत्रा बाहेर काढून पाऱ्याच्या वाफेवर धरीत, आणि तेव्हा कोठे त्यावर हळूहळू चित्र दिसू लागे. शेवटी रासायनिक द्रावणात धुऊन ते पक्के करीत. पाऱ्याची वाफ विषारी असते. ती श्वासावाटे शरीरात गेल्याने प्रकृतीस अपाय होतो. तरीही हौशी लोक हे काम मोठ्या उत्साहाने करीत.

आरंभीच्या दिवसांत एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ जे स्थिर राहील तेच पत्र्यावर उमटे. स्वतः दागेरने १८३८ साली पॅरिसमधील एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र घेतले. त्यात घरे आहेत, झाडे आहेत. परंतु रस्ता ओसाड दिसतो. गाड्या, घोडे व माणसे चालती असल्यामुळे पत्र्याने त्यांची दखलच घेतली नाही. केवळ एक मनुष्य बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता. तेवढा तो व बूट पुसणारा असे दोघेच त्या चित्रात सापडले आहेत!

दागेरोटाइपचा आणखी एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढील काळात छायाचित्राची उलटी प्रत काचेवर वा फितीवर घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येऊ लागल्या. दागेरोटाइपचे तसे नव्हते. कॅमेऱ्यात जो पत्रा ठेवला, तोच चित्र होऊन बाहेर येई. त्याची दुसरी प्रत नसे. तो हरवला, घासला गेला किंवा बोटाने पुसला गेला, तर ते चित्र जगातून कायमचे नाहीसे होई.

आता पेटीकडे वळू. पेनरिथच्या त्या पेटीतील पत्रे एके काळी जॉन रस्किन याच्या मालकीचे होते. रस्किन हा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा थोर कलासमीक्षक व विचारवंत होय. भारतीयांस त्याचे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. ‘अन्टू धिस लास्ट’ हे त्याचे छोटेसे पुस्तक गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले. ते त्यांच्या मनाला इतके भिडले की, त्याचा सारांश त्यांनी पुढे १९०८ साली गुजरातीत ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध केला.

हे पुस्तक लिहिण्याच्या पुष्कळ आधी, १८४५ साली, तरुण रस्किन इटलीतील व्हेनिस नगरीत गेला. कालव्यांच्या काठी उभे असलेले तेथील प्राचीन वाडे हा त्याच्या प्रेमाचा विषय होता. परंतु या खेपेस जे दिसले त्याने तो हळहळला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने नक्षीदार दगड उतरवले जात होते, भिंती खरवडल्या जात होत्या. ‘का दोरो’ म्हणजे ‘सुवर्णगृह’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वाड्याचे चित्र तो काढू लागला, तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत गवंडी हातोडे चालवीत होते. चित्रकाराचा हात तो किती वेगाने चालणार? तो एका कमानीची रेघ ओढतो आहे तोच शेजारची कमान उतरवली जाते!

अशा वेळी त्यास एका फ्रेंच मनुष्याने घेतलेली व्हेनिसच्या वाड्यांची दागेरोटाइप चित्रे मिळाली. ती पाहून तो अक्षरशः हरखून गेला. तळहाताएवढ्या पत्र्यावर वाड्याचा एकेक चिरा, एकेक तडा, एकेक डाग जसाच्या तसा उतरला होता. जणू तो वाडाच उचलून घरी नेता येत आहे, अशा अर्थाचे पत्र त्याने आपल्या वडिलांस लिहिले. पुढे त्याने स्वतःच कॅमेरा बाळगला. प्रवासात त्याचा नोकर बरोबर असे आणि पत्रे तयार करण्याची बरीचशी खटपट तोच करी. थोरांच्या चरित्रांत अशा मदतनिसांचा उल्लेख ओझरताच येतो. परंतु जॉन हॉब्ज व त्याच्यानंतर आलेला फ्रेडरिक क्रॉली यांची नावे येथे सांगितलीच पाहिजेत. त्यांच्या हातांवाचून ही चित्रे झाली नसती. १८४९ साली आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखराचे दागेरोटाइप घेण्यात आले. सूर्याच्या प्रकाशाने काढलेले त्या शिखराचे हे पहिलेच चित्र होय, असे रस्किन सांगत असे.

या चित्रांचा त्याने भरपूर उपयोग केला. व्हेनिसच्या वास्तुकलेवर त्याने १८५१ ते १८५३ या काळात तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अभ्यासात हे पत्रे त्याच्या हाताशी होते. पुढे मात्र छायाचित्रांविषयीचा त्याचा उत्साह ओसरला. यंत्राने घेतलेले चित्र मनुष्याच्या डोळ्याची व हाताची जागा घेऊ शकत नाही, असे त्याचे मत बनले. पत्रे पेटीतच राहिले.

आयुष्याचा उत्तरकाळ रस्किनने सरोवरांच्या प्रदेशात, कॉनिस्टन सरोवराकाठच्या ब्रँटवुड या घरी घालवला. तेथेच १९०० साली त्याचा अंत झाला. १९३१ साली त्या घरातील चीजवस्तूंचा लिलाव झाला आणि त्या चहूकडे पांगल्या. जॉन हॉवर्ड व्हाइटहाऊस नावाचे एक शाळाचालक रस्किनचे निस्सीम चाहते होते. त्यांनी जमेल तेवढे विकत घेऊन एकत्र ठेवले. एवढेच नव्हे, तर ते घरही घेऊन लोकांस पाहण्यासाठी खुले केले. त्यांच्या संग्रहात शंभराहून अधिक दागेरोटाइप होते. रस्किनचे दागेरोटाइप म्हणजे एवढेच, असे अभ्यासकांनी धरून चालावे हे स्वाभाविक होते.

मग पेनरिथच्या लिलावात ती पेटी आली.

लिलावाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जो अधिक बोली बोलेल त्यास वस्तू मिळते. परंतु या साध्या रीतीत एक खुबी आहे. किंमत वर चढण्यास निदान दोन जाणकार लागतात. पेनरिथला एकही जाणकार आला नसता, तर पेटी लाकडाच्या मोलाने गेली असती. नवा मालक आतील पत्रे काढून तीत दुसरेच काही ठेवता. एकच जाणकार आला असता, तर त्यास ती शंभरएक पौंडांत मिळाली असती. ७५,००० हा आकडा एवढेच सांगतो की, पेटीचे मोल ओळखणारी माणसे त्या दिवशी एकाहून अधिक होती. पेटी अखेर जुन्या छायाचित्रांचे व्यापारी व अभ्यासक असलेल्या केन व जेनी जेकबसन या पतिपत्नीने घेतली. तीत १८८ दागेरोटाइप होते.

जुने ते सारेच मोलाचे, असा मात्र येथे कोणी समज करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात हजारो लोकांनी हौसेने आपली दागेरोटाइप काढवली. त्यांतील ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशांची चित्रे अजूनही थोडक्या किमतीस मिळतात. संग्राहक प्रथम पाहतो तो पत्र्याची स्थिती, आणि मग चित्र कोणी घेतले, कोठे घेतले, कोणाच्या हातून कोणाकडे आले, याचा माग काढतो. घराबाहेर, दूरदेशी घेतलेली चित्रे विरळा म्हणून त्यांस मागणी अधिक. जिरो द प्रांजे या फ्रेंच गृहस्थाने १८४२ ते १८४५ या वर्षांत ग्रीस, ईजिप्त, तुर्कस्तान, सीरिया, पॅलेस्टाइन असा प्रवास करून नऊशेंवर दागेरोटाइप आणले. ते त्याने पेट्यांत नीट लावून ठेवले. १८९२ साली तो वारला, आणि १९२० नंतरच्या दशकात नव्या मालकास ते त्याच्या घरातील अडगळीत सापडले. त्यांपैकी अथेन्समधील झ्यूसच्या मंदिराचे १८४२ सालचे एक चित्र २००३ साली लंडनच्या लिलावात ५,६५,२५० पौंडांस विकले गेले. तोवर लिलावात कोणत्याही छायाचित्रास एवढी किंमत आलेली नव्हती.

जेकबसन दांपत्याचे खरे काम पेटी घरी आणल्यावर सुरू झाले. दागेरोटाइप हाताळणे सोपे नसते. आरशासारख्या पत्र्यावर चित्र पाहावयाचे तर तो विशिष्ट कोनात धरावा लागतो. जरा हलला की चित्र लोपते आणि पाहणाराचेच तोंड दिसू लागते. चांदी हवेने काळवंडते म्हणून ती स्वच्छ करण्याचा मोह होतो. पण फडक्याने पुसले की काजळीबरोबर चित्रही जाते. शिवाय, आरशातल्याप्रमाणे यातील चित्रे बहुधा उलटी असतात. डावीकडचा बुरूज उजवीकडे दिसतो. पत्र्यावर गावाचे नाव नसेल, तर एखादा पूल कोणत्या नगरातला, हे ओळखणे किती कठीण असेल याची कल्पना करावी. व्हेनिसखेरीज इटलीतील इतर शहरे, फ्रान्स व स्वित्झर्लंड येथील दृश्येही त्यांत होती. रस्किनने स्वतः काढलेली चित्रे व त्याच्या रोजनिशा यांच्याशी एकेक पत्रा ताडून पाहावा लागला. हे काम वर्षानुवर्षे चालले. त्यातून सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ २०१५ साली, म्हणजे पेटी घेतल्यानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. ज्या पत्र्यांचे मोल लिलावघरास ओळखता आले नव्हते, त्यांस आता स्थळ, काळ व कर्ता लाभला.

एका गोष्टीची कल्पना मात्र स्वतः रस्किनलाही करता आली नसती. दगडी वाडे माणसाच्या हातून नष्ट होतील, अशी त्यास भीती होती. पर्वत मात्र अढळ आहेत, असेच त्या काळी कोणीही म्हटले असते. १८५४ साली त्याने व क्रॉलीने आल्प्समधील शामोनी येथे ‘मेर द ग्लास’ या हिमनदीचे दागेरोटाइप घेतले. ‘मेर द ग्लास’ म्हणजे बर्फाचा सागर. चित्रात तो दरी भरून वर आलेला दिसतो. रस्किनच्या वेळेपासून आजवर हवामान उष्ण होत गेल्यामुळे त्या दरीतील बर्फाची पातळी शंभर मीटरांहून अधिक खाली गेली आहे. रस्किनने तो पत्रा बर्फाच्या लाटांचे सौंदर्य टिपण्यासाठी घेतला होता. त्याच जागी उभे राहून कोणी तो आज समोरच्या दरीशी ताडून पाहिला, तर चित्रात जेथे बर्फ आहे तेथे उघडे खडक दिसतात.